एमबीए सीईटी : गुण वाढवण्यासाठी अभ्यासाचे नियोजन



एरवी आपण इथे प्राथमिकच्या पाठांवर बोलतो. पण आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुलं आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि पालक भेटले की विचारतात, "मॅडम, सीईटीसाठी मोठा क्लास लावू का?" फी भरण्याआधी पेपर कसा असतो ते नीट बघू या.

महाराष्ट्राची एमबीए/एमएमएस सीईटी राज्य सीईटी कक्षामार्फत होते. प्रश्न 200, वेळ 150 मिनिटे. तर्कावर 75, आकृत्यांवर 25, गणितावर 50 आणि इंग्रजीवर 50 प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला फक्त 45 सेकंद! प्रश्न फार अवघड नसतात, वेळ पुरत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कॅटमध्ये मात्र पर्यायी प्रश्न चुकला तर 1 गुण वजा होतो. म्हणून कॅटची सवय असलेली मुलं इथे प्रश्न कोरे सोडतात आणि हातचे गुण घालवतात. शेवटची तीन-चार मिनिटं उरलेल्या प्रश्नांना काहीतरी पर्याय निवडायला राखून ठेवायचीच.

आता नियोजन. पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून एक पूर्ण सराव पेपर सोडवायला सांगा. "आधी अभ्यास होऊ दे, मग पेपर" असं मुलं म्हणतात, ते ऐकू नका. आपण वर्गात आधी चाचणी घेऊन मूल कुठे अडतंय ते पाहतो, तसंच हे. मग एक वही करायची आणि गेलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात लिहायचा : येतच नव्हता, येत होता पण चुकला, वेळ पुरला नाही.

खरी माहिती या वहीतच मिळते. पहिला रकाना भरला तर तो धडा मुळापासून शिकायला हवा. दुसरा भरला तर नवीन पुस्तक आणून उपयोग नाही, प्रश्न नीट वाचायची सवय लावावी लागेल. तिसरा रकाना बहुतेक वेळा आकडेमोडीमुळे भरतो. 640 चे साडेबारा टक्के काढायला जो गुणाकार मांडत बसतो त्याची 20 सेकंदं गेली. साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग हे पाठ असेल तर 80 लगेच दिसतात. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असायची, ती याच कामाची! 30 पर्यंत पाढे आणि वर्गसंख्या रोज दहा मिनिटं म्हटल्या तरी फरक पडतो.

नोकरी करणाऱ्या मुलाने रोज दीड-दोन तास, आठवड्यातले पाच दिवस सराव करावा. सहाव्या दिवशी पूर्ण पेपर, आणि सातवा दिवस फक्त त्या वहीसाठी. हा सातवा दिवस सगळे टाळतात.

मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीच्या 50 प्रश्नांना घाबरतात. पण तर्काचे प्रश्नही इंग्रजीतच वाचायचे असतात, त्यामुळे रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख वाचला तर दोन्हीकडे फायदा होतो. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत, साधारण 90 टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा सराव पेपरला 200 पैकी 100 पडले म्हणून घरात लगेच रागावू नका. आधी वही मागून घ्या आणि कोणता रकाना कमी झाला ते बघा.