पदकाआधीचा खर्च

महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूला खेळाचा मोबदला मिळावा की नाही, हा वाद अमेरिकेत अनेक दशके चालला आणि अलीकडे न्यायालयांतून तो बऱ्याच अंशी निकालात निघाला. महाराष्ट्रात हा प्रश्न या शब्दांत क्वचितच विचारला जातो, कारण येथील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना तिकीट नसते, त्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले जात नाहीत आणि वाटून घेण्याजोगे उत्पन्नच निर्माण होत नाही. खेळाडू घडवण्याचा खर्च मात्र येथेही होतोच आणि तो कोणी ना कोणी उचलत असतो. म्हणून या प्रश्नाचे मराठी रूप असे मांडता येईल, की पदक मिळेपर्यंतचा खर्च कोणी सोसावा?

या वादाच्या मुळाशी ‘हौशी’ खेळाडूची कल्पना आहे. हौशी रंगभूमी आणि व्यावसायिक रंगभूमी हा भेद मराठी वाचकाला परिचित आहे. क्रीडाक्षेत्रात तोच भेद एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गाने रूढ केला आणि खेळातून पैसा घेणाऱ्याला कमी प्रतीचे मानले. पुढे ऑलिंपिकनेही हाच नियम उचलला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणारा जिम थॉर्प विद्यार्थिदशेत सुटीच्या काळात थोड्या मानधनावर बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून पुढच्याच वर्षी त्याची पदके काढून घेण्यात आली. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला हौशी राहणे परवडते, ज्याच्या घरी नाही त्याला ते परवडत नाही, ही या नियमातील विषमता तेव्हा दुर्लक्षित राहिली.

अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने हा नियम एकविसाव्या शतकापर्यंत टिकवला. खेळाडूला शिक्षणशुल्क, निवास व भोजन मिळे. मात्र ज्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणातून वर्षाला एक अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम येते, तिच्यातील पैसा त्याच्या हाती पडत नसे. जून २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादा स्पर्धाविषयक कायद्याशी विसंगत असल्याचा निर्णय एकमताने दिला. लगेच जुलैपासून खेळाडूंना आपले नाव व छबी जाहिरातींसाठी वापरू देऊन पैसे कमावण्याची मोकळीक मिळाली, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार महाविद्यालयांना वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना देता येऊ लागली. यातील मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, हा आक्षेप मात्र कायम आहे.

महाराष्ट्राची जुनी परंपरा याहून वेगळी होती. गावच्या जत्रेत लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, पुढे इनामाचा आकडा चढत जातो आणि शेवटची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची असते. हे इनाम स्वीकारल्याने पैलवानाच्या निष्ठेला बाध येतो, असे आखाड्यात कोणी मानत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना राजाश्रय दिला आणि खासबागेचे मैदान उभारले. मल्लाचा ‘खुराक’, म्हणजे दूध, तूप, बदाम, मांस असा त्याचा विशेष आहार, ही आश्रयदात्याची जबाबदारी असते, हे त्या व्यवस्थेत गृहीतच होते.

संस्थाने गेल्यानंतर ही जबाबदारी कोणाकडे आली, हे खाशाबा जाधवांच्या चरित्रातून दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र पैसे जमेनात, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचा फड भरवून मिळालेल्या पैशातून ते घर सोडवले, असे सांगितले जाते. हौशीपणाच्या काटेकोर नियमात असा फड बसला नसता. कृतज्ञतेच्या मराठी रीतीत तो सहज बसला.

त्यानंतर राज्याने खेळाडूंसाठी काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, पदकविजेत्यांना रोख पारितोषिके दिली जातात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे हा रेल्वेचा कर्मचारी होता, यावरून नोकरी हेच भारतीय खेळाडूचे खरे मानधन कसे ठरते, ते लक्षात येते. परंतु या बहुतेक लाभांचा क्रम उलटा आहे: आधी कामगिरी, मग प्रमाणपत्र आणि त्यानंतर लाभ. सारे मोल प्रमाणपत्रालाच आल्यामुळे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आणि पडताळणी सक्तीची करावी लागली.

कामगिरीपूर्वीचा काळ कसा जातो, हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या ११ गावांपैकी एक असलेल्या धायरीकडे पाहता येईल. सिंहगड रस्त्यावरील या भागातील धावपटू विद्यार्थ्याला कृत्रिम धावमार्गावर सराव करायचा असेल, तर पहाटेच्या बसने स्वारगेट गाठून सणस मैदानावर जावे लागते, तेथून महाविद्यालयाचे तास आणि संध्याकाळी वाहतूककोंडीतून परतीचा प्रवास. कुस्तीगिराला कात्रजचे मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुल त्या मानाने जवळ पडते. तथापि जवळ असो वा दूर, खुराक, स्पाइक्सचे बूट, बसचा पास आणि गुडघ्याचे लिगामेंट फाटले तर शस्त्रक्रिया, हा सारा खर्च घरातूनच होतो. विद्यापीठाच्या संघात निवड झाल्यास स्पर्धेपुरता प्रवासभत्ता, दैनिक भत्ता आणि ट्रॅकसूट मिळतो. स्पर्धा संपली की भत्ताही संपतो.

केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेने हा क्रम काही प्रमाणात बदलला आहे. तिच्यात निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्च करण्याची तरतूद असून त्यातील दरमहा १० हजार रुपये किरकोळ खर्चासाठी थेट खेळाडूला मिळतात. मात्र ही निवड राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांची असते. त्याखालच्या पायरीवर, विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचलेला पण देशाच्या नजरेत न भरलेला जो मोठा वर्ग आहे, तो बहुधा घरच्या पैशावरच खेळतो आणि घरची ओढाताण वाढली की पदवीच्या मधल्याच वर्षी मैदान सोडतो.

या वर्गासाठी अमेरिकेतील वाटणीचे सूत्र उपयोगाचे नाही, आणि पगार हा शब्दही योग्य नाही, कारण पगाराबरोबर मालक-नोकर हे नाते येते. मराठीत यासाठी ‘विद्यावेतन’ हा नेमका शब्द आधीच रुळलेला आहे. आंतरवासिता करणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याला ते मिळते आणि त्यामुळे त्याची सेवावृत्ती कमी होते, असा आक्षेप कोणी घेत नाही. विद्यापीठाच्या संघात निवडलेल्या प्रत्येक खेळाडूला वर्षभराचे विद्यावेतन व दुखापतीचा विमा द्यावा, आणि त्याचा दर सर्व खेळांसाठी व स्त्री-पुरुषांसाठी एकच ठेवावा, म्हणजे कबड्डीला झुकते माप आणि खो-खो, मल्लखांब उपाशी, असे होणार नाही.

यासाठी लागणाऱ्या रकमेचा एक भाग विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्कातून व उरलेला शासनाकडून यावा, हे सुसंगत ठरेल, कारण विद्यापीठाच्या नावावर जमा होणारे चषक अखेर याच खेळाडूंनी जिंकलेले असतात. यातील बरेच जण पुढे पदकापर्यंत पोहोचणार नाहीत, हे उघड आहे. पण हेलसिंकीला निघालेल्या खाशाबांचे पदकही प्राचार्य खर्डेकरांनी पाहिलेले नव्हते. घर गहाण पडले ते त्याआधीच.