माउली, जरा सरका

ज्येष्ठ वद्यातला दिवस होता. ज्ञानोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडच्या वाटेला लागली होती. वडकी नाल्यापाशी पाण्याच्या टँकरसमोर मी रांगेत उभी होते. पोटावरच्या टाक्यांना सहा महिने झाले होते, तरी दिवे घाट चढायचा म्हणजे छातीत धडधडत होतं. मागून डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक बाई आली आणि म्हणाली, ‘‘माउली, जरा सरका.’’

वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. मला मात्र रडू आवरेना. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. डोहाळजेवणाला मला बोलावणं येत नसे, आलंच तर ओटी भरताना ताट माझ्यापुढून अलगद पुढे जाई. आणि इथे एका अनोळखी बाईने मूलबाळाची चौकशी न करता मला आई म्हणून हाक मारली होती. तेव्हापासून आज अठरा वर्षं मी या एका शब्दाच्या मागे आहे.

आधी त्या टाक्यांमागच्या आजाराबद्दल सांगायला हवं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, आतड्यांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर वाढू लागते, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीच्या चक्राबरोबर तीही सुजते आणि रक्ताळते. ते रक्त बाहेर पडायला वाट नसते. मग आतले अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुनं, दाट, तपकिरी रक्त साठून गाठ होते, तिला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातल्या दर १० स्त्रियांमागे साधारण एकीला हा आजार असतो, आणि निदानाला कित्येक वर्षं लागतात. माझं दुखणं चौदाव्या वर्षी सुरू झालं, त्याला नाव मिळालं एकतिसाव्या वर्षी. मधली सतरा वर्षं ‘पाळीत दुखायचंच’, ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल झालं की बरं वाटेल’ हेच ऐकलं. यातलं एकही खरं नाही. लग्न आणि बाळंतपण हे या आजारावरचे उपचार नव्हेत. हा आजार असलेल्या सगळ्याच जणींना वंध्यत्व येतं असंही नाही, अनेकींना दिवस जातात. मला गेले नाहीत. मुलीला दर महिन्याला शाळा बुडवावी लागत असेल, तर कृपा करून तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. एवढं एक वाक्य जरी कुणी लक्षात ठेवलं तरी हा लेख सार्थकी लागला.

आता माउलीकडे येते. ज्ञानेश्वरांचा जन्म इ.स. १२७५चा आणि समाधी १२९६ची. एकवीस वर्षांचा, लग्न न झालेला तरुण, आणि शतकानुशतकं महाराष्ट्र त्याला आई म्हणतो आहे! त्या भावंडांचं घर आठवा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई गेल्यावर चार पोरकी मुलं उरली. निवृत्तिनाथ थोरले; तेच भाऊ, तेच गुरू. ज्ञानोबा रुसून ताटी लावून बसले तेव्हा समजूत काढायला दाराशी उभी राहिली ती सगळ्यांत धाकटी मुक्ताई. त्या झोपडीत ज्याला जेव्हा जमलं, तेव्हा तो दुसऱ्याची आई झाला. पंढरीत कमरेवर हात ठेवून उभा असलेला देवसुद्धा पुरुष, पण भक्तांनी त्याला विठाई केलं. पोटी जन्म देण्याशी या शब्दाचा संबंध आपल्या संतांनी कधीच सोडवून टाकला होता. मीच तो नवसात आणि ओटीत शोधत बसले होते.

आपल्या घरातही हे रोज घडतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना आई म्हणू लागले, तेव्हा आमचं रक्ताचं नातं काय, असं कुणी विचारलं नाही. त्या वारीला मला त्याच घेऊन गेल्या होत्या.

या शब्दाच्या वेडापायी मी खूप फिरले. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं. १८७४मध्ये तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत दत्तक मुलाने टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे चालल्या. पुढे प्लेगात डॉक्टर यशवंतच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रोगी नेता नेता त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. लेकाने औषध द्यावं आणि आईने रोगी पाठीवर आणावा, याहून सख्खं नातं मला ठाऊक नाही. पंढरपुरातही १८७५मध्ये तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम काढला, प्रार्थना समाजाने तो चालवला. त्याच्या दाराशी मी पहिल्यांदा गेले तेव्हा विठ्ठलाचं दर्शन आधीच घेतलं होतं. ते तिथे पुरं झालं.

मग आम्हीही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. त्याच्या कायद्याचं थोडक्यात. ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन अहवाल देते, मग प्रतीक्षा. २०१५चा बालन्याय कायदा सर्व धर्मीयांना खुला आहे, आणि २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पैसे मोजून मूल आणणं हा मार्ग नव्हे.

आमची लेक चौदा महिन्यांची असताना आली. लोक म्हणाले, ‘‘आता बघ, पोटचंही होईल!’’ हे वाक्य मला फार लागतं. ती कशासाठी केलेला नवस नाही. आणि माझं दुखणंही तिच्या येण्याने पळालं नाही. गरम पाण्याची पिशवी अजून उशाशी असते, काही एकादश्या अंथरुणातच जातात. श्रद्धेने मला वेदनेतून सोडवलं नाही. मी देवाची नावडती आहे, या समजुतीतून मात्र सोडवलं.

ती सहा वर्षांची झाल्यावर तिला गोपाळपूरला नेलं. पंढरपूरच्या दक्षिणेला टेकडीवर गोपाळकृष्णाचं देऊळ आहे, आषाढी पौर्णिमेला काला तिथे होतो. तिथेच जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. गंगाखेडची जनी लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात वाढली, हे मी तिला सांगितलं. दत्तक हा शब्द तिला आधीपासून माहीत होता.

‘‘मग जनाबाईची आई कोण?’’

‘‘एक गंगाखेडची. मग नामदेवांची आई गोणाई. आणि दळायला यायची ती विठाई.’’

तिने बोटं मोजली. ‘‘तिला तीन. मला दोन.’’ आणि जात्याच्या खुंट्याला हात लावून बघू लागली.

त्या दुसरीचं नाव आम्हाला ठाऊक नाही, गावही नाही. तिला कुठल्या नाइलाजाने दूर व्हावं लागलं, तेही नाही. त्या आषाढापासून दर एकादशीला आमच्या देवापुढे दोन निरांजनं लागतात. दुसरं लेक स्वतः लावते. मी वात भिजवून देते.