तारणाविना

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी अजून माझ्या दारात उभी आहे. सौ.च्या बाजूचं हँडल तुटलं, बाजारात मिळेना.

नाशिक रोडला जेल रोडवरच्या कारागिराला म्हटलं, "दुसऱ्या बाजूच्या हँडलचाच ठसा घ्या, पितळेत ओता."

तो हसला. "साहेब, पितळ थंड होताना शंभर मिलिमीटरमागे साधारण दीड मिलिमीटर आकसतं. नमुना तेवढा मोठा हवा. कानशीसाठीही माल सोडायचा."

आवाज ओळखीचा वाटला. बँकेत असताना याचाच लेथसाठीचा कर्जाचा अर्ज मी तारणाअभावी परत पाठवला होता.

आठवड्यानं क्रोमचा मुलामा दिलेलं हँडल चपखल बसलं. मी पाकीट काढलं.

"आधी महिनाभर वापरा," तो म्हणाला. "आमच्याकडं तारण लागत नाही."