प्लेअर चार्ज होतो, पण संगणकावर दिसत नाही

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या पट्ट्यात रात्री हळदीला पाणी द्यायला जाताना मोबाइल सोबत असतोच; पण त्याची बॅटरी उतरली की भजनं ऐकायला छोटा एमपी३ प्लेअर बरा. घोडं अडतं ते नवी गाणी भरताना.

संगणकाला जोडल्यावर प्लेअरचा दिवा लागतो, पण ड्राइव्ह काही दिसत नाही. अशा वेळी पहिला संशय केबलवर घ्यावा. साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. केबल बदला, पोर्टही बदलून पाहा. डेस्कटॉपची पुढची पोर्टं वापरून सैल झालेली असतात, मागची सहसा ठणठणीत.

ड्राइव्ह दिसतो, गाणीही गेली, तरी प्लेअर मुकाच? मग प्लेअरमधल्या मेमरी कार्डाचा फॉरमॅट बघा. बरेच साधे प्लेअर फक्त फॅट३२ वाचतात आणि ६४ जीबीचं नवं कार्ड बहुधा एक्सफॅटमध्ये येतं. सरळ ३२ जीबीचं कार्ड घ्यावं, उगाच डोकेफोड नको. फॉरमॅट करायचंच तर जुनी भजनं आधी संगणकावर उतरवून घ्या. कार्डावरचं सगळं जातं. कार्ड ठीक असेल, तर गाण्याच्या फाइलचा प्रकारही बघा: फाइलच्या नावापुढे नुसतं एमपी३ लिहून गाणं एमपी३ होत नाही, त्याचं रूपांतरच करावं लागतं.

आणि हरिपाठाचे अभंग उलटसुलट लागत असतील, तर प्लेअर बिघडलेला नसतो. पुष्कळ प्लेअर नावाचा क्रम न पाहता कॉपी केल्याचा क्रम धरतात. सगळे काढून एकेक अभंग ओळीने टाका.