वृद्धांपुढे तरुणाचे कीर्तन

आषाढ शुद्ध एकादशीस भगवान शेषशय्येवर निद्राधीन होतात व कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात. मधले चार महिने म्हणजे आम्हां कीर्तनकारांची सुगी. देवळांतून होणारी ही कीर्तने अलीकडे वृद्धाश्रमांतूनही होऊ लागली आहेत. आमच्या गावचा एक तरुण, जो एरवी महाविद्यालयीन मुलांचे संस्कारवर्ग चालवितो, यंदा एकादशीस अशाच एका आश्रमात कीर्तनास उभा राहणार आहे. मुलांपुढे त्याची वाणी अस्खलित चालते. परंतु ऐंशीच्या घरातील श्रोत्यांना पंचविशीच्या मुलाने काय सांगावे, या विवंचनेने तो आमच्याकडे आला.

वयाची अडचण शास्त्राला मान्य नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अंगिरसाच्या बालपुत्राची कथा आहे. त्याने आपल्या वडीलधाऱ्यांना पढविले आणि त्यांनाच 'मुलांनो' अशी हाक मारली. ते रागावून देवांकडे गेले, तेव्हा देवांनी निवाडा मुलाच्या बाजूने दिला. भागवतातील शुकाचार्य सोळा वर्षांचे. ते गंगातीरी परीक्षितीपाशी आले तेव्हा मोठमोठे मुनी आसने सोडून उठले. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना मुक्ताबाईंनी उपदेश केला, ही परंपरा तर घरोघरी ठाऊक आहे. तरीही अंगिरसपुत्राचा निवाडा खरा मानावा, त्याचा तोरा मात्र उचलू नये, असे आम्ही त्या तरुणास बजावले.

खरा पेच पुढेच होता. "बुवा, एकादशी आहे, पुंडलिकाचे आख्यान बसविले आहे," असे तो उत्साहाने म्हणाला. आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. पुंडलिकाने मातापित्यांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष परब्रह्माला विटेवर तिष्ठत ठेवले, ही कथा मुलांच्या वर्गात अमृतासारखी आहे. पण ज्यांचा पुंडलिक परदेशी आहे, किंवा याच शहरात असून सहा महिन्यांत फिरकलेला नाही, त्या मातापित्यांपुढे ती कथा रंगवून सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तो उपदेश ज्यांना हवा ते त्या सभेत नसतातच. मातापित्यांच्या निर्वाहासाठी 2007 साली संसदेला कायदा करावा लागला, यावरून कोणाला उपदेशाची गरज आहे हे उघड आहे. श्रावणबाळाचेही तेच. विठ्ठलाचे नाम घ्यावे, रूप वर्णावे. पुंडलिकाचा नामोल्लेख गजरात येईल तेवढा पुरे.

मग आख्यान कोणते? आम्ही त्यास महाभारताचे आश्रमवासिक पर्व काढून दिले. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या घरी राहिला. युधिष्ठिराने त्याला काही उणे पडू दिले नाही. भीमाचे बोल मात्र त्याच्या काळजाला लागत. शेवटी त्याने वनाची वाट धरली. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास ही मंडळी निघाली तेव्हा कुंतीही निघाली. पाच पराक्रमी पुत्र विनवीत असता ती परतली नाही. पुत्रांनी जिंकलेल्या राज्याचा उपभोग मला नको, असे तिने सांगितले.

"पण बुवा, कुंती स्वेच्छेने गेली, यांना पाठविले आहे," असा त्याने आक्षेप घेतला. आक्षेप चोख होता. म्हणूनच कुंतीचा दाखला देऊन 'तुम्हीही सोडायला शिका' असे कदापि म्हणू नये. धृतराष्ट्राचे जाणे तरी कोठे निखळ स्वेच्छेचे होते? व्यासांनी भीमाचे बोल लपविले नाहीत, आपणही लपवू नयेत. पुढे पांडव आश्रमात भेटीस येतात, आणि एका रात्री व्यास गंगेच्या पात्रातून युद्धात पडलेल्या वीरांना प्रकट करतात. गांधारीला तिचे पुत्र दिसतात, कुंतीला कर्ण भेटतो. त्या एका रात्रीत कोणाच्या मनात वैर उरत नाही. उत्तररंग येथेच थांबवावा. पुढचा वणवा ग्रंथात आहे, परंतु आख्यान कोठे थांबवावे हा कीर्तनकाराचा अधिकार आहे. मरणाचा विषय टाळू नये, असेही आम्ही सुचविले. या वयाची माणसे त्याविषयी बोलायला तयार असतात. भोवतालचे लोकच विषय बदलतात.

पूर्वरंग अर्ध्या तासाहून अधिक नको. पेटी खालच्या पट्टीत लावावी, झांजा आवरून वाजवाव्यात. कानाला यंत्र लावणाऱ्यास झांजेचा खणखणाट सोसत नाही. पदे त्यांच्या ओळखीची निवडावीत, म्हणजे म्हणताही येतील. उपवासाची थोरवी तर गाऊच नये. एकादशीचे बंधन आठ वर्षांच्या पुढे व ऐंशीच्या आत, असे निबंधकारांनी दिलेले स्मृतिवचन आहे. मधुमेहाची गोळी घेऊन दोन घास खाणाऱ्या आजींना अपराधी वाटू नये म्हणून ते वचन आवर्जून सांगावे.

जाता जाता त्याने एक शंका विचारली: कीर्तन संपल्यावर हे वृद्ध पाया पडू लागले तर? तो नमस्कार नारदांच्या गादीला असतो. तो अडवू नये, अंगालाही लावून घेऊ नये. आरती झाली की गादीवरून खाली उतरावे, बुक्क्याची वाटी हाती घ्यावी आणि ज्यांना उठवत नाही त्यांच्या खाटेपाशी जाऊन प्रत्येकास वाकून नमस्कार करावा. त्यासाठी त्याने परतीच्या गाडीची वेळ एक तास पुढे ढकलली आहे.