टोल भरला, पण कर?

मानवतहून कापसाच्या गाठी भरून राष्ट्रीय महामार्ग 61 ला लागलेला ‘एमएच 22’चा ट्रक रस्त्यापायी दोनदा पैसे मोजतो. टोल फास्टॅगमधून कापला जातो; फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे. मोटार वाहन कर त्याहून वेगळा. तो राज्याच्या 1958 च्या कायद्याने लागतो आणि आरसीवरच्या एकूण वजनावर ठरतो. फेरी रिकामी गेली म्हणून तो कमी होत नाही. राज्याबाहेर जायचं तर नॅशनल परमिटचे वर्षाला 16,500 रुपये आणखी.

भरणा ‘वाहन’ पोर्टलवर होतो. गाडी नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात. चासीवर ग्रीस-चिखलाचा थर असतो, त्यामुळे आकडे आरसीवरूनच उतरवून घ्यावेत. पावती जपून ठेवा. कर थकला की फिटनेस, परमिट अडतं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच वेळेवर कुणी सांगत नाही: ट्रक महिनोन्‌महिने गॅरेजला उभा राहणार असेल, तर ‘वापरात नाही’ असं परिवहन कार्यालयाला आधीच लेखी कळवा. नाहीतर चाक न फिरताही कर चढत राहतो. एकाच ट्रकवर चालणाऱ्या घराला तो फार जड जातो.