अमर अय्यारची झोळी

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी धाकटी लेक हॅरी पॉटरचे मराठी पुस्तक वाचत होती. अंगावर घेताच माणूस दिसेनासा होतो, त्या झग्याचा प्रसंग तिने मोठ्याने वाचून दाखवला. पानदान उघडून बसलेल्या माझ्या सासूबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, “इसमें नवा क्या है गे? अमर अय्यार के कने ऐसीच चादर थी ना.”

“कोण अमर अय्यार, दादी?”

नगरच्या आमच्या घरात हा प्रश्न विचारला जावा, याचे मला आधी हसू आले, मग वाईट वाटले. सासूबाईंच्या लहानपणी त्यांचे अब्बा इशाच्या नमाजनंतर कंदिलाच्या उजेडात उर्दू पोथा उघडून बसत आणि शेजारपाजारची माणसे ऐकायला जमत. आज त्याच घरातल्या मुलीला त्या गोष्टीतल्या सर्वांत लाडक्या पात्राचे नावही माहीत नाही. पॉटरच्या सातही पुस्तकांतली नावे मात्र तिला तोंडपाठ आहेत.

यात पॉटरचा दोष नाही. त्या पुस्तकांच्या चाहत्यांनी केलेले काम थक्क करणारे आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एमर्सन स्पार्ट्झ नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने ‘मगलनेट’ नावाची वेबसाइट सुरू केली. पुस्तकमालिका तेव्हा पूर्ण व्हायची होती. पुढे काय होणार याचे तर्क वाचक तिथे लढवत, चर्चा करत, चुका काढत. पाहता पाहता जगभरचे वाचक त्यात सामील झाले. लेखिकेने गोष्ट लिहिली आणि ती जागती ठेवण्याचे बरेचसे काम वाचकांनी केले. पगार नाही, हुकूम नाही, केवळ आवड.

अमीर हमजाच्या दास्तानलाही असे चाहते होते. ती आहेच मुळी चाहत्यांनी वाढवलेली गोष्ट. इराणातून आलेली ही कथा आपल्या देशात दास्तानगो, म्हणजे दास्तान सांगणारे कलावंत, तोंडी सांगत आणि प्रत्येकजण आपल्या पदरचे काही त्यात घाली. अकबर बादशहाला तिचे एवढे वेड की त्याने सुमारे १४०० चित्रांचा ‘हमजानामा’ करवून घेतला. त्याला जवळपास १५ वर्षे लागली. चित्राच्या पाठीमागे मजकूर असे. आज त्यातली २०० चित्रेही उरलेली नाहीत. आपली दख्खनही मागे नव्हती. १७ व्या शतकात हाजी किस्साख्वान हमदानी नावाचा दास्तानगो गोवळकोंड्याच्या दरबारात होता आणि त्याने ही दास्तान फारसीत लिहून काढली. किस्साख्वान, म्हणजे किस्से सांगणारा, हीच त्याची ओळख.

पण खरी मौज पुढे आली. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने, ज्याने कुरआन शरीफच्याही प्रती छापल्या, १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड काढायला सुरुवात केली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले. त्यांनी छापखाना सोडल्यावर उरलेले तीन अहमद हुसेन कमर यांनी पूर्ण केले. होशरुबा हा तर मोठ्या दास्तानचा एक भाग. सगळी अमीर हमजाची दास्तान ४६ खंडांची आहे आणि एकेक खंड सरासरी ९०० पानांचा! पॉटरची सातही पुस्तके तिच्या एका कोपऱ्यात बसतील.

आत काय आहे? जादूगारांनी मंतरून उभारलेला अफाट मुलूख म्हणजे तिलिस्म. तिथला बादशहा अफरासियाब. त्याच्याविरुद्ध अमीर हमजाचे लष्कर आणि त्याचा जिवलग दोस्त अमर अय्यार. हा अमर लबाड, वेषांतरात पटाईत, पैशांचा लोभी आणि पोट धरून हसवणारा. त्याच्या खांद्याला जंबील नावाची झोळी असते, तिच्यात अख्खी शहरे मावतात. दिसेनासे करणारी ती चादरही त्याचीच. तो स्वतः जादू करत नाही. अकलेने आणि सोंगे घेऊन जादूगारांची फजिती करतो. माझ्या लेकीला हेच फार आवडले.

इथे एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी मुलांना स्पष्ट सांगायला हवी. हजरत हमजा (रजि.) हे आपल्या प्रेषितांचे (स.) चुलते, उहुदच्या लढाईत शहीद झालेले. दास्तानमधल्या नायकाने त्यांचे नाव घेतले आहे, पण त्याची तिलिस्मे, पऱ्या, देव यांचा त्यांच्या चरित्राशी काही संबंध नाही. ती सीरत नाही, निव्वळ गोष्ट आहे. काही घरांत जादूच्या गोष्टी नकोतच म्हणतात. त्यांच्या काळजीचा मला आदर आहे. मी मात्र लेकीला दोन्ही वेगवेगळे सांगितले, सीरत सीरतच्या जागी, गोष्ट गोष्टीच्या जागी. १० वर्षांच्या मुलीला तो फरक कळायला पाच मिनिटे लागली.

मग ही दास्तान गेली कुठे? ऐकणारे कमी झाले. दिल्लीचे मीर बाकर अली हे शेवटचे मोठे दास्तानगो. उतारवयात सुपारी विकून त्यांनी दिवस काढले असे सांगतात. १९२८ मध्ये ते गेले. छापील खंड जुन्या बाजारात, पेट्यांत, वाळवीच्या तोंडी गेले. अशी वेळ आली की ४६ खंडांचा पूर्ण संच कुठल्याही ग्रंथालयात मिळेना.

तो जमवला एका वाचकाने. शम्सुर्रहमान फारुकी हे उर्दूचे मोठे टीकाकार, पण नोकरी टपाल खात्यात. वर्षानुवर्षे ते एकेक खंड शोधत राहिले, ४६ पूर्ण केले, नुसते जमवले नाहीत तर वाचले, आणि दास्तानवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यांच्याच प्रेरणेने त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी २००५ साली दिल्लीत दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली. पांढरा अंगरखा, डोक्यावर टोपी, गादीवर बसलेले दोन माणूस आणि फक्त आवाज. मराठीतही ही कला आली. ‘दास्तान-ए-बडी बांका’मध्ये मुंबई शहराची कथा त्याच ढंगात सांगितली जाते. मात्र अमर अय्यार अजून मराठीत नीट उतरायचा आहे.

आपली खरी अडचण लिपीची आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी कुरआन शरीफ नाजरा वाचला आहे, अक्षरे ओळखीची आहेत. पण उर्दू पुस्तकात जेर-जबर नसतात, आणि तिथे आपली गाडी अडते. शाळा मराठी, घरात दखनी. सासूबाईंना गोष्ट येते पण त्यांना फारसे वाचता येत नाही. मला मराठी वाचता येते पण तिच्यात ती गोष्ट नाही. याच अडचणीवर एकदा तोड निघाली होती. १८८८ च्या सुमारास देवकीनंदन खत्रींनी तिलिस्म आणि अय्यार देवनागरीत आणून ‘चंद्रकांता’ लिहिली. ती वाचण्यासाठी पुष्कळ लोक नागरी अक्षरे शिकले असे म्हणतात. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी आणल्या, नंतर गौरी देशपांडे यांनी त्याच गोष्टींचे १६ खंड केले. आपल्या जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर चारशे वर्षांपूर्वी मराठीत ग्रंथरचना केली. मराठी आपल्याला परकी कधी नव्हती.

तेव्हा आम्ही घरीच एक उद्योग मांडला आहे. ‘रेख्ता’च्या संकेतस्थळावर जुन्या उर्दू पुस्तकांची पाने बघायला मिळतात. रात्री जेवणे उरकली की मी अक्षरे जुळवत, अडखळत वाचते. शब्द अडला की सासूबाई आठवणीतून पुरा करतात. लेकीने दोनशे पानी वही केली आहे. एका बाजूला पात्रांची नावे, दुसऱ्या बाजूला जंबीलमधून आजवर निघालेल्या वस्तूंची यादी. मधल्या पानावर तिलिस्मचा नकाशा, बराचसा मनाने काढलेला. समोरच्या घरातली तिची मैत्रीणही आता येऊन बसते आणि नकाशातल्या चुका काढते.

सासूबाईंच्या अब्बांकडे पहिले दोनच खंड होते. त्यामुळे तिलिस्म तोडायला लागणारी लौह, ती पाटी, हमजाचा नातू असद याला मिळाली का, हे त्यांना ७० वर्षांत कळलेले नाही. परवा लेकीने मला विचारले, “अम्मी, आपण रोज तीन पाने वाचली तर शेवटच्या खंडापर्यंत कधी पोहोचू?”

मी हिशेब करायला बसले. सासूबाई म्हणाल्या, “तीन नको, चार पढो. मेरे कने इत्ता वखत नै है.”